शेअरचे भाडे नव्हे, शेअरचा इसार

नवागाम-डिंडोलीच्या आपल्या वस्तीत अलीकडे एक नवा शब्द कानावर येऊ लागला आहे : ‘शेअरचे भाडे’. ज्याच्या डीमॅट खात्यात दोन-चार मोठ्या कंपन्यांचे शेअर पडून आहेत, त्याला कोणीतरी सांगतो, “भाऊ, खोली रिकामी ठेवतो का आपण? मग शेअर रिकामा का ठेवायचा? दर महिन्याला कॉल विकायचा, प्रीमियम घ्यायचा, शेअर आपला तो आपलाच!” ऐकायला गोड. आयुष्यभर मिलच्या खात्यात नाहीतर मार्केटच्या दुकानात राबून ज्यांनी चार पैसे शेअरमध्ये टाकले, त्यांना दरमहा येणाऱ्या भाड्याचे आकर्षण वाटणारच. त्यातून बाजार खाली-वर हेलकावे खात असला, म्हणजे हे ‘भाडे’ नेहमीच्या दुप्पट मिळते. मग तर विचारायलाच नको.

अर्थशास्त्र शिकवतो म्हणून लोक मला याबद्दल विचारतात. मी त्यांना एवढेच सांगतो, की व्यवहार खोटा नाही, पण नाव खोटे आहे. हे भाडे नाही, हा इसार आहे. आमच्या अहिराणीत सांगायचे तर, “भाडं नही शे भाऊ, इसार शे.”

इसारपावती आपल्याला चांगली ठाऊक आहे. खानदेशातून सुरतेला आलेल्या प्रत्येकाने प्लॉट घेताना किंवा विकताना ती पाहिलेली असते. समजा, तुमच्या प्लॉटचा भाव आज दहा लाख आहे. एक माणूस येतो आणि म्हणतो, “तीन महिन्यांत मी हा साडेदहा लाखांना घेईन. हे घ्या पंचवीस हजार. नाही घेतला, तर पैसे तुमचे.” तुम्ही सही केली. आता जवळून रस्ता मंजूर झाला आणि भाव चौदा लाखांवर गेला, तरी तुम्हाला तो साडेदहालाच द्यावा लागणार. उलट भाव सातावर उतरला, तर तो माणूस पुन्हा तोंड दाखवणार नाही. पंचवीस हजार तुमच्याकडे राहतील आणि उतरलेला प्लॉटही तुमच्याकडेच राहील. भाडेकरू खोली सोडून जातो, तेव्हा खोली आपली असते. इसार घेतला, की वस्तू अर्धी दुसऱ्याची झालेली असते.

शेअरबाजारात याच व्यवहाराला कॉल ऑप्शन म्हणतात. ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक आणि इसाराची रक्कम म्हणजे प्रीमियम. शेअर जवळ असताना त्यावर कॉल विकला, तर तो कव्हर्ड कॉल, म्हणजे झाकलेला कॉल. शेअर जवळ नसताना विकला, तर तो उघडा. फरक एकच. जमिनीचा इसार बहुधा शेवटी किमतीतून वळता होतो, प्रीमियम होत नाही. तो विकणाऱ्याने एकदा घेतला, की त्याचा.

आकडे मांडले, की गोष्ट स्वच्छ दिसते. समजा, तुमच्याकडे एका कंपनीचे ५०० शेअर आहेत आणि भाव १,००० रुपये आहे. म्हणजे पाच लाखांचा माल. महिनाभराच्या मुदतीचा १,०५० स्ट्राइकचा कॉल तुम्ही ३० रुपयांना विकला. हातात आले १५,००० रुपये. आता महिनाअखेरीस तीनपैकी एक गोष्ट होईल.

भाव हजाराच्या आसपासच राहिला, तर कॉल वाया गेला, पंधरा हजार तुमचे झाले, शेअरही तुमचेच. ‘भाडे’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त हाच महिना असतो.

भाव १,२०० झाला, तर तुमचे शेअर १,०५० ला गेले. प्रीमियम धरून तुम्हाला १,०८० पडले. तोटा झाला असे कोणी म्हणणार नाही, पण शेजारी ज्याने काहीच केले नाही त्याच्याकडे १,२०० चा शेअर आहे. पंधरा हजार घेऊन तुम्ही पंच्याहत्तर हजार सोडले, ते वेगळे. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच. फक्त इथे आवळा घेणारे आपण असतो.

भाव ८०० झाला, तर लाखाचे नुकसान, त्यातून पंधरा हजार वजा. पंच्याऐंशी हजार गेलेच. प्रीमियमने तुम्हाला ९७० पर्यंत सावरले, त्याखाली एक पैसाही नाही. म्हणजे झाकलेला कॉल हा विमा नव्हे. विम्यात आपण हप्ता भरतो आणि संकट दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. इथे आपण हप्ता घेतो, चांगले दिवस दुसऱ्याला देतो आणि संकट आपल्यापाशीच ठेवतो.

मग वादळी बाजारात प्रीमियम वाढतो कशाने? राष्ट्रीय शेअरबाजार इंडिया व्हिक्स नावाचा एक निर्देशांक काढतो. ऑप्शनच्या भावांवरून बाजाराला पुढे किती हेलकाव्यांची अपेक्षा आहे, हे तो वर्षाच्या टक्क्यांत सांगतो. महिन्याचा अंदाज हवा असेल, तर त्याला बाराच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे साडेतीनने भागायचे. व्हिक्स १२ असेल, तर निफ्टी महिनाभरात साधारण साडेतीन टक्के इकडे-तिकडे होईल अशी बाजाराची धारणा. व्हिक्स २४ झाला, की सात टक्के. प्रीमियम याच धारणेवर ठरतो. म्हणजे तुम्हाला दुप्पट पैसे मिळतात ते कोणाच्या उदारपणामुळे नव्हे. शेअर हातून जाण्याचा किंवा कोसळण्याचा धोका वाढलेला असतो म्हणून मिळतात. पुराच्या दिवसांत नावाडी जास्त पैसे मागतो, त्यातला हा प्रकार. आणि कॉल विकताना नावाडी आपण असतो.

मार्च २०२० आठवा. २३ मार्चला एका दिवसात निफ्टी सुमारे १३ टक्के कोसळून ७,६१० वर बंद झाला. त्या दिवसांत व्हिक्स ८० च्या वर गेला होता. प्रीमियम असे होते, की कोणालाही मोह व्हावा. पण पुढच्या सव्वा महिन्यात, ३० एप्रिलला, तोच निफ्टी ९,८६० च्या घरात होता, म्हणजे जवळजवळ ३० टक्के वर. तळाशी घाबरून ज्यांनी जवळच्या स्ट्राइकचे कॉल विकले, त्यांचे शेअर स्वस्तात गेले.

जून २०२४ मध्ये हेच तीन दिवसांत घडले. लोकसभेच्या निकालाआधी ३ जूनला निफ्टी सव्वातीन टक्के चढला, निकालाच्या दिवशी ४ जूनला जवळजवळ सहा टक्के पडला आणि ५ जूनला पुन्हा सव्वातीन टक्क्यांहून अधिक वर आला. वादळी बाजार म्हणजे फक्त पडणारा बाजार, अशी आपली समजूत असते. तो तितक्याच जोराने उसळतोही. १८ मे २००९ ला तर, निवडणूक निकालानंतरच्या पहिल्या दिवशी, सेन्सेक्स सतरा टक्क्यांनी वर उडाला आणि वरची मर्यादा गाठल्याने व्यवहारच थांबवावे लागले. अशा वेळी विकलेला कॉल परत विकत घेऊन सुटका करून घ्यावी म्हटले, तरी संधीच मिळत नाही.

या खाली-वर होण्यात दुहेरी मार कसा बसतो, ते आपल्याच उदाहरणात पाहू. पहिल्या महिन्यात भाव हजारावरून ८०० वर आला. आता १,०५० चा कॉल कोणी फुकटही घेत नाही. ‘भाडे’ तर चालू राहिले पाहिजे! म्हणून तुम्ही ८५० चा कॉल २० रुपयांना विकला. दुसऱ्या महिन्यात भाव ९५० झाला. तुमचे शेअर ८५० ला गेले. दोन्ही प्रीमियम मिळून ५० रुपये, एकूण ९००. पाचशे शेअरवर तोटा ५०,०००. ज्याने दोन महिने काहीच केले नाही, त्याचा तोटा २५,०००, आणि शेअर अजून त्याच्याकडे. पडताना पूर्ण पडायचे आणि चढताना अर्धेच चढायचे, असा हा जिना आहे. म्हणून खरेदीच्या भावाखालचा स्ट्राइक विकण्याआधी दहा वेळा विचार करावा.

एवढे वाचून कोणी म्हणेल, सर, मग हा व्यवहार करूच नये का? तसे माझे म्हणणे नाही. ते नीट सांगायला मला ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गाने तुम्हाला अमळनेरला न्यावे लागेल. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या गाडीतून आपल्यातले कितीतरी जण सणावाराला तिथे उतरतात. याच अमळनेरात डिसेंबर १९४५ मध्ये महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे त्याचे नाव. पुढे त्याचीच विप्रो झाली. गावातल्या सामान्य माणसांनी त्या काळात शेअर घेतले, काहींनी ते पेटीत ठेवले आणि मुलाबाळांना दिले. अमळनेरच्या विप्रो भागधारकांची गोष्ट आज देशभर सांगितली जाते.

त्या पेटीतल्या कागदाचे गणित पाहा. १९९७ च्या बोनसआधी ज्याच्याकडे एक शेअर होता, त्याला एकावर दोन बोनस मिळून तीन झाले. १९९९ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच तुकडे झाले, म्हणजे पंधरा. २००४ मध्ये पुन्हा एकावर दोन, म्हणजे पंचेचाळीस. २००५ मध्ये एकास एक, नव्वद. २०१० मध्ये तीनावर दोन, दीडशे. २०१७ मध्ये एकास एक, तीनशे. २०१९ मध्ये तीनावर एक, चारशे. डिसेंबर २०२४ मध्ये एकास एक, आठशे. एकाचे आठशे! त्याच्या आधीचे बोनस मी धरलेलेच नाहीत.

आता कल्पना करा, की त्या काळी कॉल विकण्याची सोय असती आणि एखाद्या कुटुंबाने दरमहा ‘भाडे’ घेतले असते. शे-पन्नास महिने ते मिळालेही असते. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेअर धावू लागला, तशा पहिल्याच मोठ्या उडीत तो हातून गेला असता. पेटीत काय उरले असते? चार हप्त्यांच्या पावत्या. मोठी संपत्ती होते ती बहुधा थोड्याच शेअरच्या थोड्याच उड्यांतून. कॉल विकणारा नेमक्या त्याच उड्या विकतो.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९४५ च्या सुमारास निघालेली प्रत्येक कंपनी काही विप्रो झाली नाही. विप्रोचाही भाव फेब्रुवारी २००० मध्ये शिखराला जाऊन पुढच्या वर्षभरात भुईला टेकला, आणि नंतर वर्षानुवर्षे तो रेंगाळलाही. असा रेंगाळणारा शेअर, जो विकायचा हे तुमच्या मनाने आधीच घेतले आहे, त्याच्यावर कॉल विकणे शहाणपणाचे ठरू शकते. “१,०५० आला तर देऊन टाकणार” असे ठरलेच असेल, तर १,०५० चा कॉल विकून वाट पाहण्याचे पैसे घ्यावेत. आला भाव, तर विकला. नाही आला, तर प्रीमियम मिळाला. दोन्हीत समाधान. ज्याला शेअर द्यायचाच आहे त्याच्यासाठी हा व्यवहार आहे, ठेवायचा आहे त्याच्यासाठी नाही.

आता थोडे कागदोपत्री. ‘झाकलेला’ म्हणून विकलेले कॉल घरोघरी उघडे निघतात ते इथेच.

पहिली गोष्ट, लॉट. ऑप्शन सुटा विकता येत नाही, लॉटनेच विकावा लागतो. २०२४ च्या बोनसनंतर रिलायन्सचा लॉट ५०० चा झाला आणि विप्रोचा ३,००० चा. एका लॉटचा माल काही लाखांचा असतो. तुमच्याकडे ४०० शेअर आणि लॉट ५०० चा असेल, तर उरलेले १०० उघडे आहेत. उघड्याला वर मर्यादा नाही. लॉट बदलतही असतो, म्हणून आधी ब्रोकरकडे खात्री करावी.

दुसरी, नाव. शेअर वडिलांच्या डीमॅटमध्ये आणि कॉल विकला मुलाच्या खात्यातून, तर तो झाकलेला नाही. आपल्या घरात पैसा सगळ्यांचा असतो, पण बाजाराला घर दिसत नाही, खाते दिसते. आजोबांच्या नावाची कागदी प्रमाणपत्रे पेटीत असतील, तर तीही कामाची नाहीत. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचे हस्तांतर बंद आहे. आधी वारसाची नोंद आणि डीमॅट करून घ्यावे. कॉल विका अगर न विका, हे काम मात्र या दिवाळीच्या आत उरका.

तिसरी, मार्जिन. शेअर आपल्याजवळ असले, तरी कॉल विकताना मार्जिन लागते. ते शेअर तारण ठेवून काही भाग भागतो, पण तारणाला पूर्ण किंमत धरत नाहीत आणि काही रोकड लागतेच. भाव वर गेला, की मार्जिनही वाढते. त्या वेळी रोकड नसेल, तर व्यवहार नको त्या भावाला मोडला जातो.

चौथी, सुटण्याचा दिवस. २०११ पासून घेणारा मुदतीच्या दिवशीच हक्क बजावू शकतो, मध्येच नाही. राष्ट्रीय शेअरबाजारात सप्टेंबर २०२५ पासून ही महिन्याची मुदत शेवटच्या मंगळवारी असते. ऑक्टोबर २०१९ पासून शेअरच्या सर्व ऑप्शनमध्ये प्रत्यक्ष शेअर द्यावे लागतात, नुसता फरक देऊन चालत नाही. म्हणून तारणातले शेअर वेळेवर मोकळे करणे आपल्याकडे आले. द्यायला शेअर तयार नसले, तर लिलावाचा भुर्दंड बसतो.

पाचवी, कर. हा प्रीमियम व्याजासारखा नव्हे, व्यवसायाच्या उत्पन्नात धरतात. निवृत्त माणसाचे साधे विवरणपत्र मग चालत नाही. शेअर गेले, तर त्यावरचा भांडवली नफा आणखी वेगळा. हिशेबनिसाची फी धरून मगच ‘भाडे’ किती सुटले ते मोजावे.

सुरतेच्या मातीला वायद्याचे हे वेड काही नवे नाही. मुंबईच्या शेअरबाजाराचे आद्य पुरुष प्रेमचंद रायचंद इथलेच, जन्म १८३१ चा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शेअरचे वायदे आभाळाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपले, १ जुलैला वायद्यांची मुदत भरली आणि मोठमोठी घराणी बुडाली. तेजी-मंदीचे सौदे पुढेही चालत राहिले. १९५६ च्या कायद्याने शेअरच्या ऑप्शनवर बंदी घातली, ती १९९५ मध्ये उठली आणि जुलै २००१ पासून कंपन्यांच्या शेअरवर ऑप्शन रीतसर सुरू झाले. आज ते प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर आहेत.

मोबाइलवर आल्याचा परिणाम सेबीने मोजला आहे. २०२४ च्या तिच्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. तिन्ही वर्षांचा एकत्र तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. त्यात झाकलेला कॉल विकणारे थोडे, सट्टा करणारे फार, हे मान्य. पण माझी भीती वेगळी आहे. झाकलेला कॉल हे त्या घराचे शांत दिसणारे दार आहे. तीन महिने प्रीमियम मिळाला, की चौथ्या महिन्यात “एक लॉट जास्त विकू” असे वाटते. तो जास्तीचा लॉट उघडा असतो. तिथून पुढे माणूस भागधारक राहत नाही, सटोडिया होतो.

म्हणून घरच्यांसमोर बसून आधी यादी करा. एका बाजूला लिहा ते शेअर, जे मुलीच्या शिक्षणासाठी, घरासाठी किंवा नातवंडांसाठी ठेवायचे आहेत. त्यांच्यावर कॉल विकू नका, प्रीमियम दुप्पट मिळो की चौपट. दुसऱ्या बाजूला लिहा ते, जे योग्य भाव आला तर द्यायचेच आहेत, आणि तो भाव शेजारी लिहा. बाजार शांत असताना लिहा, कारण वादळात लिहिलेला आकडा भीतीचा असतो नाहीतर लोभाचा. त्या दुसऱ्या यादीतल्या शेअरवर, त्याच भावाचा, जवळ आहेत तेवढ्याच लॉटचा कॉल विकायला हरकत नाही. पुढे भाव त्याच्या वर गेला, तर हळहळू नका. इसार घेतलेला प्लॉट नंतर महाग झाला, म्हणून कोणी खरेदीखताला पाठ फिरवत नाही.